तापीकाठचे शिवार आणि सामाईक शहाणपण

बऱ्हाणपूर हे नाव मराठी वाचकाच्या कानी येते ते बहुधा इतिहासाच्या वाटेने. फारुकी सुलतानांनी वसविलेली खानदेशची ही राजधानी. दख्खनचा दरवाजा म्हणून ख्यात असलेला असीरगड १६०१ साली अकबराच्या हाती आल्यावर मोगलांच्या दक्षिणेतील राज्यकारभाराचे हे प्रमुख ठाणे. आणि १६३१ साली मुमताजमहलने जेथे देह ठेवला ते हे नगर, एवढी स्मृती शालेय पुस्तकांनी आपल्यापाशी जपून ठेविलेली असते. परंतु सुलतान आले आणि गेले, सुभे मोडले आणि जिल्हे झाले, तरी या नगराला ज्या गोष्टीने निरंतर पोसले ती तापीकाठची काळीभोर जमीन होय; आणि त्या जमिनीची आजची कथा इतिहासाइतकीच सांगण्याजोगी असूनही ती सांगणारे थोडे आहेत. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम सुती वस्त्रांच्या दूरदेशीच्या व्यापाराची नोंद करून ठेविली, त्यावरून कापूस हे या मुलखाचे किती जुने धन आहे ते कळते. आणि आज इंदूर-इच्छापूर महामार्गाने शहापुराकडे निघालेल्या प्रवाशाला दोन्ही अंगांनी जी केळीची हिरवी भिंत सोबत करते, तिच्यावरून या जिल्ह्याचे चालू धन कोणते तेही वेगळे सांगावे लागत नाही.

राजकीय नकाशाने या भूभागाला मध्य प्रदेशात ठेविले आहे. १९५६ पर्यंत येथील, म्हणजे पूर्व निमाडचा, कारभार नागपुराहून चालत असे. त्यानंतर राज्य बदलले, आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून निराळा होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण पलीकडे जळगाव जिल्ह्याचे रावेर आणि मुक्ताईनगर हे तालुके, बुलढाणा व अमरावती या जिल्ह्यांच्या हद्दी, आणि अलीकडच्या कित्येक गावांतून घरोघर बोलली जाणारी मराठी, ही सारी त्या नकाशापेक्षा जुनी आहेत. सोयरिकी हद्दीपलीकडे होतात, सालदार हद्द ओलांडून कामास येतात, आणि बऱ्हाणपूरच्या बाजार समितीत केळीच्या लिलावात काय दर फुटला याकडे रावेर-यावलच्या शेतकऱ्याचे लक्ष नित्य लागून राहिलेले असते. भाव हद्द ओलांडतो तो त्याच दिवशी. कीडही हद्द ओलांडते, आणि तिला तर दिवसही लागत नाही. केवळ किडीविषयीचे ज्ञान मात्र दोन्ही बाजूंच्या दफ्तरांतून आपापल्या हद्दीशी येऊन थांबते. एकात्मिक कीड व्यवस्थापन हा शब्दप्रयोग आता नवा राहिलेला नाही. परंतु तो एकट्या शेताचा उपचार नसून साऱ्या शिवाराचा सामाईक व्यवहार आहे, ही गोष्ट लोकांच्या मनात अद्याप रुजलेली नाही, आणि ती रुजविणे हेच या विषयातील लोकशिक्षणाचे मुख्य कार्य आहे, असे माझे मत आहे.

विषाचा चढता हिशेब

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तिच्या पाठोपाठ आलेली संश्लेषित कीटकनाशके शेतीत शिरली, तेव्हा किडींचा प्रश्न कायमचा सुटला अशी समजूत जगभर झाली होती, आणि आरंभीच्या वर्षांतील यशाने त्या समजुतीला बळही दिले. तथापि कीटकांची पिढी काही आठवड्यांची असते. फवाऱ्यातून जे थोडे जगतात त्यांचीच संतती पुढे वाढते, आणि काही हंगामांतच तेच विष त्याच मात्रेत निष्प्रभ ठरते. शिवाय किडीला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी आणि किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या हे शेतातील बिनपगारी राखणदार त्याच फवाऱ्यात मरतात, आणि त्यांची संख्या तर मुळातच किडीहून थोडी असते. मग कीड पुन्हा येते ती आधीहून अधिक संख्येने, आणि जी आजवर नगण्य होती तीही डोके वर काढते. मात्रा वाढते, फवारण्या वाढतात, दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जातात, आणि दुकानातील उधारीचे पान भरत जाते.

कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी, स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी, १९५९ साली लसूणघासावरील माव्याच्या अभ्यासातून या चक्राबाहेर पडण्याची शास्त्रीय वाट दाखविली. शेतात कीड दिसणे हे फवारणीचे कारण होऊ शकत नाही. तिच्यामुळे होणारे नुकसान उपचाराच्या खर्चाहून अधिक होण्याच्या बेतात असेल तेव्हाच हस्तक्षेप करावा, आणि तोही मित्रकीटकांना शक्य तितके सांभाळून करावा, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून जी संकल्पना आज प्रत्येक कृषी पत्रकात आढळते तिचा उगम येथे आहे. तीन वर्षांनी, १९६२ साली, रेचल कार्सन यांच्या ग्रंथाने विषाच्या दूरगामी परिणामांकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. भारतात १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. १९८५ साली एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीकसंरक्षणाचे शासकीय धोरण म्हणून स्वीकारण्यात आले. १९८८ साली त्यासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. म्हणजे कायदा आहे, धोरण आहे, संस्था आहेत. उणीव आहे ती या साऱ्याचा बांधापर्यंत पोहोचण्याची.

या पद्धतीची उतरंड समजण्यास कठीण नाही. नांगरट, वेळेवर पेरणी, पिकांची फेरपालट, रोगमुक्त बेणे व शेताची स्वच्छता हा पाया. सापळे लावणे, रोगट भाग वेचून नष्ट करणे ही त्यावरची पायरी. मग मित्रकीटक, बुरशी, विषाणू यांसारखे जैविक उपाय आणि निंबोळीचा अर्क. आणि हे सारे अपुरे पडले तरच, मोजणी करून, शिफारस केलेले रसायन शिफारस केलेल्या मात्रेत. रसायनाला येथे बंदी नाही. त्याला शेवटचे स्थान आहे एवढेच, आणि आपल्या व्यवहारात ते पहिले होऊन बसले आहे.

कपाशी आणि गुलाबी बोंडअळी

या पद्धतीचे मर्म कपाशीवरून जितके स्पष्ट होते तितके अन्य कोणत्याही पिकावरून होत नाही. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि थोड्याच वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र त्याने व्यापले. बोंडअळ्यांवरील फवारण्या आरंभी खरोखरच घटल्या. परंतु बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची जी लहान पुडी येत असे, तिच्या ओळी शेताच्या कडेने लावल्या तर प्रतिकारक्षमता येण्यास विलंब होतो, हे शेतकऱ्याला पटेल अशा रीतीने कोणी सांगितले नाही. ज्या ओळीला कीड लागणार हे ठाऊक आहे ती आपण आपल्याच शेतात का लावावी, हा त्याचा प्रश्न स्वाभाविक होता. त्याला उत्तर न मिळाल्याने पुडी बहुधा फेकली गेली. गुजरातेत आधी पहिल्या आणि मग दुसऱ्या पिढीच्या बीटीला गुलाबी बोंडअळी जुमानीनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिचा भीषण तडाखा बसला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. लोकशिक्षणाच्या अभावाची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते, याहून स्पष्ट पुरावा कोणास हवा असेल असे वाटत नाही.

या अळीचा जीवनक्रम जो जाणील त्याला उपाय आपोआप उमगतो. पतंग पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अळी बोंडात शिरते, तिच्या प्रवेशाचे छिद्र बुजून जाते, आणि मग कोणतेही विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फूल पूर्ण न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिले, म्हणजेच डोमकळी दिसली, की अळी आत आहे हे ओळखावे. मात्र तिची एक दुबळी बाजू आहे. ती जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. शेतात वर्षातून काही महिने कपाशी नसेल तर तिचे चक्र खंडित होते. परंतु निमाड आणि खानदेश या दोहोंकडे पाण्याची सोय असलेला शेतकरी मे महिन्यातच कपाशी लावतो, आणि दुसरीकडे थोड्या जास्तीच्या कापसासाठी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेविली जाते. त्यामुळे अळीला अन्न मिळते ते जवळजवळ बारमाही. पऱ्हाटीच्या गंजी बांधावर रचून ठेविल्या की त्यातील किडक्या बोंडांत ती पुढील हंगामाची वाट पाहत निजते.

म्हणून शिफारस अशी आहे : पूर्वहंगामी लागवड टाळावी, डिसेंबरअखेर किंवा फार तर जानेवारीत कपाशी काढून टाकावी, पऱ्हाटी साठवू नये, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी पाच लावावेत, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, अथवा वीस झाडांवरील वीस हिरवी बोंडे फोडून पाहता त्यांतील दोन किडकी निघाली, तरच रसायनाकडे वळावे. सरकी जेथे साठते त्या जिनिंगच्या आवारातही सापळे लावणे अगत्याचे आहे, कारण पतंगांची एक मोठी उत्पत्ती तेथूनच होते. यातील एकही गोष्ट एकट्याने करून पुरेशी होत नाही. एका शेतकऱ्याने फरदड काढली आणि शेजाऱ्याने राखली, तर पहिल्याचा त्याग वाया जातो. अमेरिकेने शतकभर छळणाऱ्या या किडीपासून आपला कापूस मुक्त झाल्याची घोषणा २०१८ साली केली, त्यामागे बीटी वाण, वंध्य पतंगांचे विमोचन, कामगंध आणि ठराविक तारखेच्या आत कपाशी नष्ट करण्याची साऱ्या प्रदेशाने पाळलेली शिस्त, या सर्वांचा योग होता. साधने आपल्यापाशीही पुष्कळ आहेत. अभाव आहे तो त्या शिस्तीचा.

केळी आणि हरण्या

केळीच्या बागेत तर नुसते विष किती हतबल असते याचे प्रत्यक्ष दर्शन घडते. अलीकडच्या कित्येक पावसाळ्यांत तापीच्या खोऱ्यात कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला आपल्याकडे हरण्या किंवा नुसते सीएमव्ही म्हणतात, कोवळ्या बागा ग्रासल्या. पानांवर पिवळसर पट्टे उमटले, पाने आखडली, पोंगा सडला, आणि महागामोलाची ऊतिसंवर्धित रोपे शेतकऱ्यांना उपटून टाकावी लागली. हा विषाणू माव्याच्या सोंडेवाटे पसरतो. परंतु मावा तो काही क्षणांत उचलतो आणि पुढच्या रोपाला सोंड लावताच काही क्षणांत देऊनही टाकतो. फवाऱ्याने तो मरावयाच्या आधीच त्याचे काम झालेले असते. त्यामुळे केवळ फवारणीने हा रोग आवरत नाही. आवरतो तो विषाणूचे आश्रयस्थान काढून टाकल्याने. काकडी, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो, वांगी, चवळी आणि कित्येक तणे ही त्याची घरे आहेत. ती बागेत व बागेलगत नसावीत, रोपे विषाणूमुक्त असल्याची खात्री केलेली असावी, पहिले तीन महिने बाग वरचेवर पाहावी आणि रोगट रोप दिसताक्षणी मुळासकट काढून जमिनीत गाडावे वा जाळावे. बांधावर टाकून दिलेले रोगट रोप हे शेजाऱ्याच्या बागेला दिलेले आमंत्रणच असते.

येथे बऱ्हाणपूरची परिस्थिती विशेष विचार करावयास लावते, कारण कपाशी आणि केळी या जिल्ह्यात बांधाला बांध लावून उभ्या असतात. कपाशीवरचा मावा हाच हरण्याच्या वाहकांपैकी एक आहे. कपाशीवर अविचाराने फवारा मारून ज्याने ढालकिडे मारले आणि माव्याला मोकळे रान दिले, त्याने नकळत शेजारच्या केळीवर संकट ओढविले, असे घडू शकते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की मित्रकीटकांना थारा मिळावा म्हणून कपाशीत चवळीच्या ओळी लावण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तोच सल्ला केळीच्या शेजारी अनर्थकारक ठरेल, कारण चवळी ही हरण्याला आश्रय देणारी आहे. एका पिकाचे पत्रक दुसऱ्या पिकाच्या शेतात जसेच्या तसे चालत नाही. स्थानिक शिवार पाहून, स्थानिक पिकांचा मेळ लक्षात घेऊन सल्ला तयार झाला पाहिजे. आणि तो राजधानीत छापलेल्या पत्रकातून नव्हे, तर त्या शिवारात वावरणाऱ्या माणसांच्या निरीक्षणातून तयार होऊ शकतो.

केळीच्या सोंडकिड्याचेही असेच आहे. घड उतरल्यावर उभे सोडलेले खोड आणि कापून टाकलेले तुकडे हे त्याचे प्रजननस्थान. ते वेळीच काढले, आणि खोडाचे उभे चिरलेले तुकडे बागेत सापळे म्हणून ठेवून त्यांत जमलेले किडे नष्ट केले, किंवा त्या तुकड्यांवर बिव्हेरिया ही किडीला मारणारी बुरशी लाविली, तर फवाऱ्याची गरज फार कमी उरते. बऱ्हाणपुरात काही वर्षांपासून महिलांचे बचत गट याच खोडांपासून धागा काढून टोपल्या, चटया आणि शोभेच्या वस्तू करू लागले आहेत. पीकसंरक्षणाच्या दृष्टीने या उद्योगाचे महत्त्व कोणी फारसे उच्चारीत नाही. परंतु जे खोड किडीला घर देते तेच उचलले जाऊन एखाद्या घरात चार पैसे आणते, ही शेताची स्वच्छता आणि अर्थार्जन यांची सांगड अन्य कोणत्याही प्रचारापेक्षा अधिक पटणारी आहे.

ज्ञान बांधापर्यंत कसे जावे

इंडोनेशियात तपकिरी तुडतुड्यांनी भाताचा विध्वंस चालविला असता तेथील शासनाने १९८६ साली भातावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. त्या शाळेत व्याख्यान नसे. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर आठवड्यातून एकदा एकाच शेतात जमत, झाडे मोजत, कीड आणि मित्रकीटक यांची चित्रे स्वतः काढत आणि निर्णय स्वतः घेत. जो शेतकरी ढालकिड्याच्या अळीला मावा खाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, त्याला पुन्हा पटवून देण्याचे काम उरत नाही. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातील आष्टा या गावाने गेल्या शतकाच्या अखेरीस सबंध गावाच्या कपाशीवर हीच पद्धत राबवून पाहिली, आणि सारे गाव एकत्र आल्यावर काय साधते त्याचा तो दाखला ठरला. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळ्यांनी उच्छाद मांडल्यावर महाराष्ट्राने २००९ पासून कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच क्रॉपसॅप, उभा केला. त्यात ठराविक शेतांची नियमित पाहणी होते आणि पातळी ओलांडली गेली की त्या भागातील शेतकऱ्यांस सूचना जाते. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केली असून, भ्रमणध्वनीवर किडीचे छायाचित्र काढून सल्ला मिळविण्याची तीत सोय आहे.

ही साधने उत्तम आहेत. परंतु रावेरची सूचना मराठीत निघून हद्दीपाशी थांबते आणि बऱ्हाणपूरची सूचना हिंदीत निघून मराठी घराच्या उंबऱ्यावर घोटाळते, तोवर त्यांचे कार्य अर्धेच राहील. रावेर तालुक्यातील पाल येथील कृषी विज्ञान केंद्र, जळगावचे केळी संशोधन केंद्र, बऱ्हाणपूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि खंडव्याचे कृषी महाविद्यालय ही चार विद्यास्थाने एकाच खोऱ्याच्या परिसरात आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी एकत्र बसून दोन्ही भाषांत एकच कीडवार्ता काढावी, आणि ज्या वाटेने लिलावाचा भाव गावोगाव जातो त्याच वाटेने, भावाच्या शेजारी, ती जावी. यासाठी नवा खर्च फारसा नाही, केवळ दोन राज्यांच्या दफ्तरांनी परस्परांशी बोलण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट कृषी सेवा केंद्राची. पानाचा डाग घेऊन शेतकरी जातो तो शास्त्रज्ञाकडे नव्हे, तर दुकानदाराकडे. त्याच्याकडे उधारी असते आणि त्याच्या शब्दाला वजन असते. हैदराबादच्या कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे मॅनेजने, २००३ पासून अशा विक्रेत्यांसाठी वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालविला आहे, तो दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. दुकानाच्या फळीवर कामगंधाच्या वड्या, पिवळे चिकट सापळे, मित्र गांधीलमाश्या शेतात सोडण्याची ट्रायकोकार्ड आणि निंबोळी अर्क हे डब्यांच्या बरोबरीने दिसू लागतील, आणि डब्यावरील त्रिकोणाचा रंग, लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी, हे गिऱ्हाइकाला वाचून सांगितले जाईल, त्या दिवशी निम्मे लोकशिक्षण झालेले असेल.

तिसरी गोष्ट शेतमजूर स्त्रियांची. निंदणी त्याच करतात, कापूस त्याच वेचतात. डोमकळी आणि किडके बोंड त्यांच्या नजरेस सर्वांच्या आधी पडते. तरीही प्रशिक्षणाच्या सभेला बोलावणे जाते ते सातबाऱ्यावर किंवा खसऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला. ज्यांचे डोळे शेतात आहेत त्यांना वगळून निरीक्षणावर आधारलेली कोणतीही पद्धत चालणार नाही.

सामाईक व्यवस्थेचा वारसा

सामाईक व्यवस्था म्हणजे काय हे बऱ्हाणपूरला बाहेरून शिकविण्याचे कारण नाही. १६१५ च्या सुमारास मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान यांच्या अंमलात तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने येथे जो कुंडी भंडारा बांधविला, त्यात सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, शंभराहून अधिक कुंड्यांमधून, केवळ उताराच्या बळावर नगरात आणले गेले. चार शतकांनंतरही त्यातून पाणी वाहते. ती रचना टिकली याचे कारण तिची प्रत्येक कुंडी पुढच्या कुंडीशी जोडलेली आहे, आणि मधली एक बुजली तर खालच्या साऱ्यांचे पाणी आटते, हे ती बांधणारांनी आणि वापरणारांनी ओळखले होते. शिवारातील शेतांचे नाते याहून निराळे नाही.

म्हणून तापीकाठच्या आणि अवघ्या मराठी मुलखातील शेतकऱ्यांस एवढीच विनंती आहे, की येत्या जानेवारीत गावाने एकत्र बसून फरदड काढण्याची एक तारीख ठरवावी, ती ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी आणि शेजारच्या गावालाही कळवावी. पंप पाठीस लावण्यापूर्वी वीस बोंडे फोडून पाहावीत. केळीचे रोगट रोप बांधावर फेकू नये. आणि फवारणी करणाऱ्या माणसाला हातमोजे व तोंडावरचे कापड दिल्यावाचून कामास लावू नये. शहरातील वाचकांनी डागाळलेल्या सालीचे केळे परत ठेवताना थोडा विचार करावा, कारण निष्कलंक सालीच्या हट्टापायी होणाऱ्या फवारण्यांचा भार अखेर त्यांच्याही ताटावर येतो. आणि दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी एका खोऱ्याची एक कीडवार्ता काढण्याचा हुकूम पुढच्या मृगाआधी काढावा. त्यास आणखी विलंब करण्याचे कोणतेही समर्थनीय कारण नाही.